पुटपुट्याने न पाठवलेली दुरुस्ती

आमच्या नाटक कंपनीत तो सतरा वर्षं प्रॉम्प्टर होता. विंगेत एका बुटक्या स्टुलावर बसायचा. मांडीवर संहिता, पायाशी झाकलेला दिवा. नटाची जीभ अडखळायच्या आत पुढचा शब्द त्याच्या कानात अलगद सोडायचा. आम्ही सगळे त्याला पुटपुट्या म्हणायचो. त्याला एक चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते फक्त टपालावर दिसायचं.

त्याच्यासारखा प्रॉम्प्टर मी दुसरा पाहिला नाही. एका प्रयोगात, तिसऱ्या अंकात, मुलाचं पत्र हातात घेऊन मी गप्प उभी राहिले. दहा सेकंद, पंधरा सेकंद. समोर नायकाला घाम फुटला. तो डोळ्यांनी विंगेकडे खुणा करत होता, अरे दे की शब्द! पुटपुट्या ढिम्म. मग मी माझी वेळ झाल्यावर बोलले आणि प्रेक्षागृहातून हुंदके ऐकू आले. नंतर नायक त्याच्यावर उखडला, तेव्हा तो म्हणाला, "ताई विसरल्या नव्हत्या, थांबल्या होत्या. विसरलेल्या माणसाचे डोळे शोधतात. थांबलेल्याचे शोधत नाहीत."

कंपनी बंद पडली, आमचं थिएटर फर्निचरचं दुकान झालं. मी रेडिओवर थोडी कामं केली, मग आजी झाले. कंपनी बंद पडली तेव्हा पुटपुट्या एक्केचाळीस वर्षांचा. त्याने कुणाकडे रडगाणं गायलं नाही. वेबसाइट बनवण्याच्या वर्गात नाव घातलं. "पहिल्या दिवशी सगळी पोरं उठून उभी राहिली," तो हसत सांगायचा, "त्यांना वाटलं मास्तर आले. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा कुठे बसली बिचारी."

दोन वर्षांत त्याने टायरच्या दुकानावर एक खोली घेतली. मी अधूनमधून जायचे. वर जायला लोखंडी जिना, सगळीकडे रबराचा वास, खिडकीशी टेबल, दोन कॉम्प्युटर, भिंतीवर वहिनींनी शिवलेला कापडी खिसा आणि त्यात वायरी. वहिनी म्हणजे त्याची बायको. आमच्या कंपनीत कपडेपट सांभाळायची. तोंडाने फटकळ, हाताने सोन्याची.

सुरुवातीला तो सगळं हाताने लिहायचा. ड्रायव्हिंग स्कूलची वेबसाइट, एका वाचनालयाची, एका फोटोग्राफरची. प्रत्येक वेळी पहिल्यापासून. आत शिरायचं लॉगिन नव्याने, फॉर्म नव्याने, पानांना पानं जोडणं नव्याने. मी म्हटलं, "म्हणजे प्रत्येक नाटकाला नवीन थिएटर बांधतोस की काय? पाया खणण्यापासून?"

"अगदी तसंच, ताई. आणि नाटक पाच मिनिटांचं!"

आणि मग एका सकाळी त्याचा फोन आला. आवाज असा, जणू नातू झाला. "ताई, थिएटर मिळालं. बांधलेलं!"

मी गेले तर त्याने मला खुर्चीत बसवून दाखवलं. ती एक फ्रेमवर्क होती, वेबसाइट बनवायची तयार चौकट. जगातल्या कुठल्या कुठल्या माणसांनी मिळून लिहिलेली. पडदा, दिवे, विंगा, मेकअपची खोली, सगळं आधीच उभं. तुम्ही फक्त तुमचं नाटक आणायचं. लॉगिन त्यात, फॉर्म त्यात, चुकीचं काही भरलं तर सांगणारी व्यवस्था त्यात. ड्रायव्हिंग स्कूलला त्याचे दीड महिने गेले होते. ह्यावर तेच काम चार दिवसांत झालं. आणि ती ओपन सोर्स होती. म्हणजे तिचा सगळा कोड उघडा. कुणीही वाचावा, वापरावा, त्यात काही बिघडलेलं दिसलं तर दुरुस्त करून परत पाठवावा. ती फ्रेमवर्क सांभाळणारी मंडळी तो तपासायची, पटला तर पुढच्या व्हर्जनमध्ये घालायची आणि पाठवणाऱ्याचं नाव यादीत लिहायची.

"आणि फुकट?" वहिनींनी विचारलं.

"फुकट."

"फुकटच्या वस्तूत खोट असते हो."

"असेल ना! पण हिची खोट उघडी दिसते. विकतच्या वस्तूची झाकलेली असते."

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सतरा वर्षं हा माणूस घरात चार शब्द बोलत नव्हता. आता बघा."

त्या फ्रेमवर्कचा एक नियम होता. त्याने मला तो दोनदा सांगितला, म्हणून लक्षात आहे. फ्रेमवर्कचं स्वतःचं एक फोल्डर असतं. त्याला हात लावायचा नाही. आपलं सगळं काम बाहेर, आपल्या फोल्डरात. कारण नवीन व्हर्जन आलं की आतलं जुनं सगळं पुसून नवीन बसतं. भाड्याच्या थिएटरच्या भिंतीला खिळा मारू नये, तसं. रंग लावायला येणारा माणूस तो उपटणारच.

मग त्याच्याकडे वाचा-उपचार केंद्राचं काम आलं. अर्धांगाचा झटका येऊन बोलणं गेलेली, हात जड झालेली माणसं तिथे यायची. केंद्र चालवणाऱ्या मॅडमना पेशंटची सगळी माहिती वेबसाइटवर भरून हवी होती. चौसष्ट प्रश्न. कधीपासून त्रास, गिळताना ठसका लागतो का, घरच्यांची नावं आठवतात का, असे. पुटपुट्याने आठवड्यात वेबसाइट उभी केली आणि मग एक दिवस केंद्रात नुसता जाऊन बसला. बघत.

एक गृहस्थ एका बोटाने फॉर्म भरत होते. वीस प्रश्न झाले, मान दुखायला लागली, सून म्हणाली, बाबा, बाकीचं घरी करू. घरी गेले, उघडलं, तर फॉर्म कोरा. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्म भरायला नकार दिला. बोलता येत नव्हतं, म्हणून टेबलावर मूठ आपटली.

पुटपुट्या मला म्हणाला, "ताई, फ्रेमवर्कला वाटतं माणूस गेला. माणूस गेलेला नाही हो. थांबलाय."

त्याने तीन आठवडे लावले, पण केलं. फॉर्म अर्धा सोडून माणूस उठला की भरलेलं सगळं जपून राहायचं. केंद्राने दिलेला आकडा टाकला की कुठल्याही कॉम्प्युटरवर, सुनेच्या फोनवर, दोन दिवसांनी, दहा दिवसांनी, तो फॉर्म तिथूनच पुढे उघडायचा. वर एक ओळ यायची: "इथपर्यंत झालं आहे. पुढे?" मॅडमनी सांगितलं, पहिल्याच महिन्यात फॉर्म अर्धवट टाकणारी माणसं निम्म्यावर आली. कोण कुठल्या प्रश्नावर थांबतं हेही तो बघायचा आणि तो प्रश्न सोपा करून द्यायचा.

फक्त हे काम बाहेरून होत नव्हतं. फॉर्मची मुळं फ्रेमवर्कच्या आत होती. म्हणून त्याने आतल्या फोल्डरला हात घातला. "तात्पुरतं आहे," तो म्हणाला. "ही दुरुस्ती त्या लोकांना पाठवतो. त्यांनी घेतली की पुढच्या व्हर्जनमध्ये आपोआप येईल. मग माझा खिळा काढून टाकायचा."

बरोबर विचार होता. आता पुढचं लिहायचं म्हणजे माझंच तोंड मला दाखवायचं आहे.

त्या रविवारी सकाळी आमची जुनी कंपनी माझ्याकडे जमली होती. सहा-सात जण, सगळ्यांचे गुडघे दुखणारे, सगळ्यांचे आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जाणारे. पुटपुट्या लॅपटॉप घेऊन आला. दुरुस्ती तयार होती, सोबतचं पत्र मराठीत लिहून त्याचं इंग्रजीही करून झालं होतं, पाठवायचं बटण तेवढं दाबायचं बाकी. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, जरा वाचता का? भाषा नीट आहे ना, बघा. तुमचा कान चांगला आहे."

मी वाचलं. पण मनात नाही. मोठ्याने.

काय सांगू, ते पत्रच तसं होतं. आठ ओळींचं पत्र आणि नमनाला घडाभर तेल! "मी एक सामान्य मनुष्य असून", "आपला बहुमोल वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व", "चूक असल्यास क्षमा असावी", "ही दुरुस्ती आपणास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे, त्याबद्दलही क्षमा." मी पहिली क्षमा राणीसारखी मागितली. दुसरी कारकुनासारखी. तिसऱ्या क्षमेला उठून गुडघ्यावर बसले, गुडघा दुखत असताना! मंडळी हसून हसून वाकली. आमचा जुना खलनायक टाळ्या पिटत म्हणाला, "वन्स मोअर!" आणि मी, टाळीला हपापलेली, लॅपटॉप हातात उंच धरून म्हटलं, "अरे, प्रॉम्प्टर रंगमंचावर आला रे आला! पाडा पडदा!"

पुटपुट्याही हसला. सगळ्यांपेक्षा थोडा उशिरा. मग त्याने माझ्या हातातून लॅपटॉप घेतला, मिटला आणि पिशवीत ठेवला. "भाषा जरा सुधारतो," म्हणाला. चहा घेतला, सगळ्यांची विचारपूस केली, आणि वहिनींना बरं नाही म्हणून लवकर गेला. वहिनी ठणठणीत होत्या. मला ते माहीत होतं, सकाळीच आमचं फोनवर बोलणं झालं होतं.

त्याच दिवशी फोन करून, "गाढवा, पाठव ते," एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता? नाही केला. हशा वसूल झाल्यावर नटाला पुढचं काही आठवत नाही.

त्यानंतर सात वर्षं गेली. तो तात्पुरता खिळा तसाच राहिला. त्याच्या शेजारी दुसरा आला, तिसरा आला. नवीन वेबसाइट बनवायची तर तो तेच बदललेलं फोल्डर उचलून वापरायचा, कारण त्यात त्याच्या सोयी होत्या. फ्रेमवर्कची नवीन व्हर्जन्स येत राहिली. तो घेत नव्हता. घेतली तर त्याचं सगळं पुसलं गेलं असतं. वहिनी म्हणायच्या, "अहो, सगळे नवीन घेतात, तुम्ही का नाही?" तो म्हणायचा, "जुनं चांगलं चाललंय की."

मग एका सोमवारी त्या फ्रेमवर्कच्या सांभाळणाऱ्यांनी जाहीर केलं की जुन्या व्हर्जनमध्ये एक भोक सापडलं आहे. त्यातून बाहेरचा माणूस आत शिरून लोकांची माहिती वाचू शकतो. सगळ्यांनी ताबडतोब नवीन व्हर्जन घ्यावं. बाकीच्या जगाला त्या दिवशी अर्धा तास लागला. एक आज्ञा टाइप करायची, चहा पिऊन यायचं, झालं.

पुटपुट्याने आधी केंद्राच्या वेबसाइटच्या एका नकलेवर करून पाहिलं. फॉर्म कोरे. लॉगिन मोडलं. त्याने आत कुठे कुठे हात घातला होता ते कधी लिहून ठेवलं नव्हतं. सतरा वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सांभाळणारा माणूस, स्वतःची खूण कुठेच ठेवली नाही! मोजत गेला तर एक्केचाळीस जागा निघाल्या. केंद्राची वेबसाइट त्याने त्याच दिवशी स्वतःहून बंद केली. पेशंटच्या आजारपणाची माहिती होती, ती उघडी ठेवून तो जेवू शकला नसता. मॅडमना म्हणाला, "आठ दिवस द्या."

मी तिसऱ्या आठवड्यात त्या खोलीवर गेले. टेबलावर कागदांचे गठ्ठे, प्रत्येकावर आकडा. दाढी वाढलेली. वहिनी डबा घेऊन आल्या होत्या आणि कालचा डबा तसाच परत नेत होत्या.

"किती झालं?" मी विचारलं.

"सव्वीस. पण सव्विसावं दुरुस्त केलं की नववं मोडतं." मग म्हणाला, "ताई, गंमत सांगू? नवीन व्हर्जनमध्ये अर्धा फॉर्म जपून ठेवायची सोय आली आहे. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी पाठवली."

"मग झालं तर! तीच वापर!"

"फक्त त्याच कॉम्प्युटरवर चालते. आणि एक तास." तो हसला. "त्या माणसाने घाईतली माणसं बघितली असणार. आपली बघितली नाहीत."

केंद्राच्या विश्वस्तांनी वाट पाहिली आणि काम एका कंपनीला दिलं. त्यात त्यांची चूक नाही. कागदावर फॉर्म भरून मॅडमची माणसं रडकुंडीला आली होती.

सगळं त्या कंपनीच्या ताब्यात द्यायच्या दिवशी पुटपुट्या म्हणाला, "ताई, येता का सोबत?" गेले. केंद्राच्या ऑफिसात कंपनीची एक मुलगी बसली होती. तिशीही नसेल, पण हात असा चालत होता की बघत राहावं. तिने फोल्डर उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"बापरे! काका, फ्रेमवर्कच्या पोटात हात घातलाय तुम्ही!"

"हो."

"असं करायचं नसतं हो. पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं."

"वाचलं होतं."

ती पुढे वाचत गेली. मग तिचा हात थांबला. एक भाग तिने खालीवर करून तीन वेळा पाहिला. "हे फॉर्मचं तुम्ही केलंय? सात वर्षांपूर्वी?" मॅडमकडे वळून म्हणाली, "हे फार छान आहे. आताच्या व्हर्जनमध्ये जे आहे त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं." आणि पुन्हा त्याच्याकडे. "काका, हे तेव्हाच पाठवलं का नाही? त्यांनी डोळे झाकून घेतलं असतं. आज हे आत असतं. तुम्हाला काही करावंच लागलं नसतं!"

मी भिंतीकडच्या खुर्चीत बसले होते, पेशंटच्या. पुटपुट्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं.

"राहून गेलं," तो म्हणाला.

पोरगी मनाने चांगली. तिने त्याला विचारून ती दुरुस्ती त्याच आठवड्यात पाठवली, त्याच्या खऱ्या नावाने. उत्तर दोन दिवसांत आलं. अतिशय सभ्य. ह्या व्हर्जनचं काम आता कायमचं बंद झालं आहे, त्यात काही घेता येत नाही. नवीन व्हर्जनमध्ये फॉर्मचा भाग पूर्ण वेगळा लिहिला आहे, त्यावर हे बसणार नाही. कल्पना उत्तम आहे, आमच्याकडे आधी पोहोचली असती तर बरं झालं असतं. आभारी आहोत. वरातीमागून घोडं, दुसरं काय? कंपनीने केंद्राला सांगितलं की तसं काम नव्याने करता येईल, पण ते पुढच्या टप्प्यात. तो टप्पा अजून आलेला नाही.

ते उत्तर त्याने मला फोनवर वाचून दाखवलं. मी म्हटलं, "पुटपुट्या, त्या दिवशी ती विचारत होती, तेव्हा मी बोलायला हवं होतं. माझ्यामुळे झालं. ते पत्र..."

"ताई, सोडा."

"सोडा काय? मी तुझी नक्कल केली. सगळ्यांदेखत."

फोनमधून खालच्या दुकानात टायर ठोकल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "तुमचं एक वाक्य होतं, ताई. सात वर्षं माझी होती. रोज सकाळी ते बटण तिथेच होतं."

मला वाटलं होतं हे ऐकून बरं वाटेल. त्याने त्यासाठीच म्हटलं होतं. पण ज्या माणसाला सतरा वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून शिकवलं की तुझा आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला तर तू नालायक, त्याच्या सात वर्षांतली किती त्याची आणि किती आमची, हा हिशोब मला अजून जमत नाही.

त्याने ती खोली सोडली. आता घरूनच एका वाचनालयाचं आणि फोटोग्राफरचं काम बघतो, दोन्ही नवीन व्हर्जनवर, आतल्या फोल्डरला हात न लावता. वहिनी म्हणतात, पुन्हा चार शब्दांवर आले आहेत.

मी मंगळवारी आणि शुक्रवारी केंद्रात जाते. मॅडमना म्हटलं, मला वाचता येतं आणि वेळ आहे. मी पेशंटच्या शेजारी बसून एकेक प्रश्न वाचते. ते मान हलवतात, बोट दाखवतात, कधी एखादा शब्द बाहेर येतो, मी बटणं दाबते. एक निवृत्त शिक्षिका आहेत. तेविसाव्या प्रश्नाला त्या नेहमी थांबतात. घरात कोण कोण आहे, त्यांची नावं; ती भरल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नाही. एक नाव येतं, दुसरं येत नाही, आणि त्या खिडकीकडे बघत राहतात. एक तास होतो, नव्या वेबसाइटचा फॉर्म कोरा होतो. मागच्या चार वेळा आम्ही पहिल्या प्रश्नापासून सुरू केलं.

मी तिथे जाते हे पुटपुट्याला सांगितलेलं नाही. सांगितलं की तो पहिलं विचारेल, "कुठल्या प्रश्नावर थांबतात?" मग मला सांगावं लागेल, आणि त्या प्रश्नाचं काय करायचं हे त्याला लगेच कळेल, पण ती वेबसाइट आता त्याच्या हातात नाही.